कामाचा लॅपटॉप पारखून कसा घ्यावा



२०२४च्या डिसेंबरातला एक शुक्रवार. त्या दिवसांत इथे न्यू जर्सीत सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणजे चारच्या आत शब्बाथची सगळी तयारी व्हायला हवी. दुपारी एक वाजता मी आणि माझी भाची तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. समोर लॅपटॉप, त्याची स्क्रीन निळी, आणि तिच्यावर ठिपके गोल गोल फिरत होते. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका, असं खाली लिहिलेलं.

भाचीचा छोटा धंदा आहे. तिच्याकडे नऊ बायका काम करतात. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, जेवू घालणं, औषधाची आठवण करणं, असं ते काम. त्यांचा पगार त्या दिवशी द्यायचा होता. कोणी किती तास केले तो हिशेब त्या लॅपटॉपमध्ये, आणि चेक छापायचा प्रिंटरही त्यालाच जोडलेला. तीन वाजले तरी ठिपके फिरतच होते. शेवटी मी कागद-पेन्सिल घेतली, एकेकीला फोन करून आठवड्याचे तास विचारले, कराचे आकडे मागच्या चिठ्ठ्यांवरून धरले आणि भाचीने चेक हाताने लिहिले. दोघींचा हिशेब चुकला. त्यातल्या एकीला साठ डॉलर कमी गेले आणि नेमका तिचा घरभाड्याचा चेक परत आला. पैसे आम्ही सोमवारी भरून दिले, पण पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं. तिला मी दोष देत नाही.

तो लॅपटॉप मी पसंत केलेला होता. भाची म्हणाली होती, "मावशी, तूच बघ, तुला वेळ आहे." थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये २२९ डॉलरला मिळाला. चंदेरी रंगाचा, वजनाला हलका. दुकानातला मुलगा म्हणाला, सगळं चालतं यावर. मला ते खरं वाटलं. चाळीसेक वर्षं मी नर्सिंग केलं, दारात आलेल्या पेशंटचा शर्ट किती छान आहे ते आम्ही कधी बघत नव्हतो. आधी नाडी, ताप, ब्लडप्रेशर. इथे मात्र मी शर्ट बघून पास केलं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं असे छोटे धंदे करतात. कोणी टॅक्स भरून देतो, कोणी टिफिन करते, कोणी शिकवण्या. आपण रिटायर झालो म्हणून हिशेबाचं, पत्रव्यवहाराचं काम आपल्याकडे येतं आणि लॅपटॉपही आपणच आणतो. म्हणून जे त्यानंतर शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट मेमरी आणि स्टोरेज. या दोन शब्दांत लोकांचा फार गोंधळ होतो, माझाही होता. वॉर्डातली ड्रेसिंगची ट्रॉली आठवा, आणि कॉरिडॉरच्या टोकाची स्टोअररूम. मेमरी म्हणजे ट्रॉली. आत्ता लागणारं सामान तिच्यावर असतं, हात घातला की मिळतं. स्टोरेज म्हणजे स्टोअररूम, तिथे सगळं साठवलेलं. ट्रॉली लहान असली की दर पट्टीमागे स्टोअरला धावावं लागतं, आणि स्टोअरच अडगळीने भरलेलं असेल तर मग विचारूच नका. आमच्या त्या लॅपटॉपमध्ये मेमरी होती ४ जीबी आणि स्टोरेज ६४ जीबी. आता गंमत बघा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी कमीत कमी गरज सांगितली आहे, ती बरोब्बर एवढीच आहे: ४ जीबी आणि ६४ जीबी. म्हणजे दुकानातला मुलगा खोटं बोलला नाही. मशीन चालू होतंच. पण चालू होणं वेगळं आणि दिवसभर काम करणं वेगळं. कॉटवरून उठून दोन पावलं टाकणाऱ्या पेशंटला आम्ही बाजारात पाठवत नव्हतो.

शिवाय त्याचं स्टोरेज ईएमएमसी नावाच्या प्रकारचं निघालं. स्वस्त मशीनमध्ये ते बोर्डवरच डाग देऊन बसवलेलं असतं, काढून मोठं घालता येत नाही. विंडोज आणि दोन-चार प्रोग्राम घातल्यावर जागा जवळजवळ संपली. मोठं अपडेट आलं की ते उलगडायला अनेक जीबी मोकळी जागा लागते, ती नव्हती. म्हणून ते ठिपके.

तेव्हा कामासाठी मेमरी १६ जीबी बघा, ८ वर भागवू नका. स्टोरेज एसएसडी असावं, निदान २५६ जीबी, ५१२ असेल तर निश्चिंत. प्रोसेसरच्या नावांचा बाऊ करू नका. पगार, पत्रं, हिशेबाचे तक्ते आणि व्हिडिओ कॉल यांना गेल्या तीन-चार वर्षांतला मधल्या दर्जाचा कोणताही प्रोसेसर पुरतो. फार जुनं मात्र घेऊ नका, कारण विंडोज १०चं सर्वसाधारण आयुष्य १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट मिळतात, पण ती सोय धंद्यासाठी धरून चालू नका. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. जुन्या लॅपटॉपची जाहिरात "विंडोज १० सकट" अशी असेल तर तो का काढलाय ते ओळखा.

स्वस्त मशीनवर "एस मोड" असंही लिहिलेलं असतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलेच प्रोग्राम बसतात. आमचा चेक छापायचा प्रोग्राम बसेना, तेव्हा हे कळलं. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. नको जायला!

कामाच्या हिशेबाने कॉम्प्युटर बघणं ही काही नवी गोष्ट नाही. १९८१च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात ऑस्बर्न १ नावाचं मशीन आलं. बाजारात चांगला खपलेला पहिला उचलून नेण्याजोगा कॉम्प्युटर तो. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन ५ इंची, म्हणजे आजच्या फोनपेक्षाही लहान, आणि किंमत १,७९५ डॉलर. तो करणाऱ्या ॲडम ऑस्बर्नचं बालपण तमिळनाडूत गेलं होतं, आणि २००३ मध्ये तो वारला तोही कोडाईकनालला. त्याने मशीनबरोबर पत्रं लिहायचा वर्डस्टार आणि हिशेबाचा सुपरकॅल्क असे प्रोग्राम त्याच किमतीत दिले. दुकानदार, वकील, बातमीदार यांनी ते घेतलं ते बहुतेक त्यासाठीच. कंपनी १९८३ मध्ये बुडाली, पण ग्राहक बरोबर प्रश्न विचारत होता: यावर माझं काम होईल का?

आम्हीही दुसऱ्या वेळी तेच केलं. आधी कामाची यादी लिहिली. पगाराची वेबसाइट. तासांचा तक्ता. चेक छापणं, कागद स्कॅन करणं. पेशंटच्या मुलांशी झूमवर बोलणं, ती मुलं कॅलिफोर्नियात नाहीतर टेक्सासात. आणि इंग्रजी, मराठी, हिब्रू तिन्ही भाषांत पत्रं, कारण आमच्याकडे एक आजी आहेत त्यांना मराठीच वाचता येतं आणि त्यांचा मुलगा अश्दोदला असतो. मराठी आणि हिब्रू दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्ये आणि ॲपलमध्येही फुकट असतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. मराठीत उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोयही आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे आपोआप जातं.

ही यादी घेऊन बघितलं तेव्हा कळलं की एकाच कंपनीच्या लॅपटॉपची दोन घराणी असतात, एक घरगुती आणि एक ऑफिसचं. लेनोवोचं आयडियापॅड घरगुती, थिंकपॅड ऑफिसचं. एचपीचं पॅव्हिलियन घरगुती, एलिटबुक आणि प्रोबुक ऑफिसचं. डेलचं इन्स्पिरॉन घरगुती, लॅटिट्यूड ऑफिसचं. २०२५ पासून डेलने नवीन मशीनची नावं बदलून ऑफिसवाल्यांना डेल प्रो म्हटलंय. थिंकपॅड १९९२ पासून आहे, तेव्हा तो आयबीएमचा होता, २००५ मध्ये लेनोवोने घेतला. ऑफिसची घराणी दिसायला साधी, काळी-करडी. हॉस्पिटलमध्ये आमच्या चाकांच्या स्टँडवर असायचे ते तसलेच. त्यांची बिजागरी दणकट असते, कीबोर्ड बरा असतो, मेमरी-बॅटरी पुष्कळ मॉडेलांत बदलता येते आणि उघडायची माहितीपुस्तकं कंपनी स्वतः इंटरनेटवर देते. नवीन घ्यायला ती महाग. पण इथल्या मोठ्या कंपन्या ती तीनेक वर्षांच्या भाडेकराराने घेतात आणि मुदत संपली की ढिगाने परत करतात. मग ती तपासून, साफ करून स्वस्तात विकली जातात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे. हातात चारशे डॉलर असतील तर दुकानातला नवा कोरा स्वस्त लॅपटॉप घेऊ नका, तीन वर्षं वापरलेला ऑफिसचा घ्या. २०२५च्या फेब्रुवारीत आम्ही तसाच १४ इंची एक ४३० डॉलरला घेतला. १६ जीबी, ५१२ जीबी. भाव रोज बदलतात, तेव्हा तुमच्या वेळी काय पडेल ते बघून घ्या.

पण वापरलेलं म्हटलं की तपासणी आली, आणि या वेळी मी ती डोक्यापासून पायापर्यंत केली.

सर्वांत आधी, तो जुन्या मालकापासून सुटलाय का? हे फार कमी लोक सांगतात. मशीन पहिल्यांदा सुरू करून इंटरनेटला जोडलं की सेटअपच्या पानावर कधी कधी भलत्याच कंपनीचं नाव येतं आणि तिथला पासवर्ड मागतं. म्हणजे त्या कंपनीने आपल्या यादीतून तो काढलेला नाही. असा लगेच परत करा, नाहीतर पैसे गेले समजा. सुरू होतानाच बायोसचा पासवर्ड मागत असेल तरी तेच. ॲपलच्या मशीनमध्ये याला ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात.

मग बॅटरी. विंडोजमध्ये खालच्या शोधपट्टीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून काळी खिडकी उघडायची. तिच्यात पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता. एंटर दाबलं की अहवालाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. जमत नसेल तर नातवाला सांगा, त्याला अर्धं मिनिट लागेल. त्या अहवालात दोन आकडे बघायचे: डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. आमच्याकडे पहिला होता ५७,००० आणि दुसरा ४४,०००, म्हणजे ७७ टक्के. ८०च्या खाली गेली की मी तिला थकलेली म्हणते. विक्रेत्याला आकडे पाठवले, त्याने ४० डॉलर परत केले आणि आम्ही त्यात थोडे घालून नवी बॅटरी बसवून घेतली. आकडा नसता तर नुसत्या तक्रारीला कोणी विचारलं नसतं. बॅटरी फुगून खालचं झाकण उचललेलं दिसलं, टचपॅड वर आलेला दिसला, तर मात्र चार्जसुद्धा करू नका. तो आगीचा धोका आहे.

स्क्रीनसाठी आपल्या वयाच्या माणसाने स्वतः जावं, मुलांच्या डोळ्यांवर विसंबू नये. माझी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. चकचकीत स्क्रीनमध्ये मला मागची खिडकीच दिसते. मॅट म्हणजे न चमकणारी स्क्रीन घ्या. उजेडाचं माप निट्समध्ये देतात. २५० निट्सची खिडकीजवळ मंद वाटते, ३०० ते ४०० असेल तर बरी. कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडून काळे किंवा रंगीत ठिपके आहेत का बघा, मग बाजूने बघा, रंग उलटेसुलटे होतात का. अक्षरं सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के करून बघा. तेवढी मोठी केल्यावर तक्त्याचे किती रकाने एकावेळी दिसतात, ते खरं माप. ज्यांना दिवसभर आकडेच भरायचे त्यांनी १५.६ इंची, उजवीकडे आकड्यांच्या कळा असलेला घ्यावा. आम्हाला उचलून न्यायचा होता म्हणून १४ इंची.

कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा, एक पूर्ण पत्र लिहूनच. माझ्या बोटांत संधिवात आहे, उथळ कळांवर दहा मिनिटांत दुखायला लागतं. झाकण एका हाताने उघडा, करकरतंय का, स्क्रीन आपोआप पडतेय का. कॅमेरा, माइक, स्पीकर एका फोनकॉलमध्ये कळतात. चार्जिंग यूएसबी-सीचं असेल तर बरं, चार्जर कुठेही मिळतो. प्रिंटरची जुनी यूएसबी तार बसते ना ते बघा.

आणि शेवटी सगळं एकदम चालवा. झूम चालू, तक्ता उघडा, पगाराची साइट उघडी, प्रिंटरला कागद पाठवलेला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मेमरीचा आकडा दिसतो. जुन्या लॅपटॉपवर नुसती पगाराची साइट उघडली तरी तो ८८ टक्क्यांवर होता. नव्यावर सगळं उघडून ६० च्या आत. ही परीक्षा परत करायच्या मुदतीतच करायची. कोणाची चौदा दिवस असते, कोणाची तीस, घ्यायच्या आधी विचारा आणि पावतीवर बघा. मुदत संपेपर्यंत मशीन ऑब्झर्वेशनखाली.

जाहिरातीत "मिलिटरी टेस्टेड" असं असतं. एमआयएल-एसटीडी-८१० नावाची अमेरिकन सैन्याची चाचण्यांची पद्धत आहे खरी, पण चाचण्या कोणत्या आणि किती कडक ते कंपनीच ठरवते. सैन्य सर्टिफिकेट देत नाही. त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

ॲपलचं विचाराल तर मॅकबुक एअर चांगलं मशीन आहे, ऑक्टोबर २०२४ पासून नव्यात कमीत कमी १६ जीबी असते. त्याआधीची ८ जीबीवाली पुष्कळ विकायला आहेत, तेवढं बघा. आमचा चेकचा प्रोग्राम विंडोजचाच, म्हणून ते बाद. क्रोमबुक ज्याचं सगळं काम वेबसाइटवर होतं त्याला पुरतं, पण त्याच्या अपडेटची शेवटची तारीख ठरलेली असते, ती बघूनच घ्या.

आता जी गोष्ट मला किमतीपेक्षा मोठी वाटते ती. भाचीच्या लॅपटॉपमध्ये लोकांची नावं, पत्ते, आजार, औषधं आहेत, काहींच्या दाराच्या किल्ल्या कुठे ठेवतात तेसुद्धा. २००६च्या मे महिन्यात मेरीलँडमध्ये माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची डिस्क चोरीला गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबर होते, आणि माहिती कुलूपबंद केलेली नव्हती. जूनच्या शेवटी वस्तू सापडल्या, पण तोवर लोकांनी ते दिवस कसे काढले असतील. माहिती कुलूपबंद करणं म्हणजे एन्क्रिप्शन. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत काही मशीनवर साधी सोय असते, ॲपलमध्ये फाइलव्हॉल्ट. ते चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. ज्यांना हिपा कायदा लागू आहे त्यांना याचा आणखी फायदा: नीट एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप हरवला तर सहसा पेशंटना "तुमची माहिती फुटली" असं कळवावं लागत नाही. बिटलॉकरची ४८ आकड्यांची रिकव्हरी की असते. ती कागदावर छापून लॅपटॉपपासून लांब ठेवा. ती हरवली तर चोर आणि मालक दोघेही बाहेर!

पावती जपून ठेवा. इथल्या आयआरएसच्या नियमात छोट्या धंद्याला २,५०० डॉलरपर्यंतची वस्तू, रिटर्नबरोबर तशी निवड कळवली तर, पूर्ण त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. धंद्यासाठी जितका वापर तितकाच भाग, नातवाचे गेम त्यात नाहीत. वॉरंटी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून कळते. लॅपटॉप भारतात न्यायचा असेल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलंय का बघा, म्हणजे नुसता प्लग बदलून चालेल, आणि वॉरंटी तिथे धरतात का ते आधीच विचारा.

नवा लॅपटॉप आल्यापासून पगाराचा एकही शुक्रवार चुकलेला नाही. तरी गुरुवारी संध्याकाळी मी तासांचा तक्ता कागदावर छापून भाचीच्या फ्रिजवर चिकटवते. ती हसते. चंदेरी लॅपटॉप माझ्याकडे आहे, माहिती पुसून घेतलेला. एकावेळी एकच खिडकी उघडली तर तो नीट चालतो. हा लेख त्याच्यावरच लिहिला, मधे दोनदा थांबावं लागलं.